विहीर भरली तेव्हा

चहा घे. साखर हवी तेवढी घाल, पण बस जरा. घरात एकटा असलो की माझे कान सारखे जमिनीकडे लागतात.

परवाच्या शुक्रवारची गोष्ट. इथं कैरोत, शुब्रा भागात सांडपाण्याच्या बोगद्यासाठी आमची खोल विहीर चाललीय. तिचं डिझाइन माझं. इथली जमीन म्हणजे नुसती वाळू आणि पाणी, पातळ लापशी. म्हणून तळाशी सिमेंट मुरवून जाड बूच बसवलं होतं. ते फुटलं तर वाळू आत घुसणार आणि वरची गल्ली माणसांसकट खचणार.

दुपारी सगळे जुम्म्याच्या नमाजाला गेले. आमचा मुकादम, उस्ता बदवी, तेवढा तळ बघायला उतरला. वर मी एकटाच. खालून कुजका, ओलसर वास येत होता. थोड्या वेळानं बदवी शिडीवरून धापा टाकत वर आला, नखशिखांत भिजलेला.

"बूच गेलं, बाशमुहंदिस! पाणी सोडा!"

अशा वेळी बाशमुहंदिसनं, म्हणजे इंजिनियरनं, विहीर पाण्यानं भरायची असते. त्या वजनानं तळ दबून राहतो. मी व्हॉल्व्हला हात घातला, आणि खालून हाक आली.

"लुत्फीसाहेब... थांबा... मी खाली आहे..."

आवाज बदवीचा. आणि बदवी माझ्या शेजारी उभा!

"नद्दाहा आहे," तो हळूच म्हणाला. "पाण्यातली. नाव घेऊन बोलावते. ओ देऊ नका. आजीनं शिकवलं नाही होय?"

शिकवलं होतं ना! इथं कोणाच्या आजीनं नाही शिकवलेलं? गल्लीत पोरांचा कल्ला चालू होता. मी ओ दिली नाही. व्हॉल्व्ह उघडला. हाका बराच वेळ येत राहिल्या... मग नुसतं पाणी वाजत राहिलं.

गल्ली वाचली. लोकांनी मला मिठ्या मारल्या. बदवीला मीच घरी पाठवलं.

काल त्याच्या बायकोचा, इन्साफचा फोन आला. कुजबुजत होती.

"साहेब, हे जेवत नाहीत. कितीदा कपडे बदलले, अंगात घातले की ओले... पोरगी जवळ जाईना." जरा थांबली. "माझ्या घरी कोणाला पाठवलंत हो?"

अल्लाशपथ, मी फोनच ठेवून दिला.

उद्या विहीर उपसायची आहे. तू यायच्या आधीच बदवीचा निरोप आलाय.

"बाकी माणसं नकोत, बाशमुहंदिस. आधी आपण दोघंच उतरू."