धुराड्यातला बूट

ती छिन्नी खाली ठेव, केलेब. आणि दारातले बूट आधी जोडीनं लाव. एक इकडे, एक तिकडे, असं या घरात चालत नाही. हसू नकोस रे! तुझा सासराही असाच हसायचा. धुराडं उद्या फोडायचं की नाही ते मग ठरव. आणि तुम्ही दोघं पोरं, पुढे सरका. हळू बोला, वर केलेबची पर्सिस बाळाला घेऊन झोपलीय.

तुझा सासरा रसेल टार्बॉक्स माझा भागीदार. आम्ही दोघे गवंडी. बॉस्टनच्या वरच्या अंगाला, या खाडीकाठची निम्मी जुनी धुराडी आमच्या हातची. माणूस सोन्यासारखा, पण हट्टी खेचर! घर त्याच्या बायकोचं, लिडियाचं. आईकडून लेकीकडे येत आलेलं. यातली पहिली टॅमसिन, इंग्लंडहून गलबतानं आलेली. तिथपासून आपल्या पर्सिसपर्यंतची अख्खी वंशवेल लिडियाला तोंडपाठ होती.

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशीचा बुधवार. रसेल म्हणाला, "अ‍ॅमॉस, उद्या टर्की भाजायचीय आणि आमचं धुराडं धूर घरातच ओकतंय. चल, तासाभराचं काम."

गेलो. विटा काढल्या, तर आत बूट. एकच. पुरुषाचा, चामडं काळं पडून वाकडं झालेलं.

लिडिया पिठाच्या हातांनी धावत आली. "हात लावू नकोस! गिडियनचा आहे तो."

गिडियन म्हणजे टॅमसिनचा नवरा. इथल्या दुसऱ्याच हिवाळ्यात उपासमारीनं त्याचं डोकं फिरलं. दोन पोरी त्यानं अंथरुणातच कुऱ्हाडीनं तोडल्या. तिसरीला टॅमसिननं पावाच्या भट्टीत लपवलं होतं. तो गुडघ्यावर बसून भट्टीत हात घालत होता, तेव्हा तिनं तीच कुऱ्हाड त्याच्या मानेवर घातली. मुंडकं सुटेपर्यंत घालत राहिली.

पण मेला तरी तो रोज रात्री तिसरीला शोधत यायचा. काम अर्धं राहिलं होतं ना! मग टॅमसिननं आपल्या माहेरगावची रीत केली. त्याचा बूट धुराड्यात चिणला. बूट अडकला की माणूस अडकतो. सगळी वेल त्या तिसऱ्या पोरीची. पर्सिस तिचं शेवटचं पान, तेव्हा सात वर्षांची.

"रस, हात जोडते," लिडिया म्हणाली, "अंधार पडायच्या आत तो परत चीण."

"चिणतो गं बाई, चिणतो."

ती आत गेली आणि पठ्ठ्यानं तो बूट पिशवीत टाकला. गावच्या संग्रहालयाला द्यायचा म्हणे. त्याच्या जागी गाडीतला स्वतःचा बूट ठेवला. उजवा, कामावरचा, झिजलेला, नाड्या लोंबत असलेला.

मी म्हटलं, "रस, तिचं ऐक."

"बूट तो बूट. भूत काय माप बघणार आहे?" म्हणाला आणि विटा लावल्या.

पुढचं मला दोघांनी सांगितलं.

रात्री अकराच्या सुमारास लिडियाला जाग आली. जिन्यावर कुणीतरी होतं. एक पाऊल बुटाचं, एक अनवाणी.

ठक्... फत्... ठक्... फत्...

"रस," ती म्हणाली, "तू काय चिणलंस?"

रसेलनं पांघरूण फेकलं.

"रस... काय चिणलंस?"

तो उठून पळाला. पर्सिसच्या दाराकडे. सरपणाजवळची कुऱ्हाड समोरून येत होती. धरणारा दिसत नव्हता. पहिला घाव चौकटीत बसला. दुसरा रसेलच्या खांद्यात. हाड मोडल्याचा आवाज लिडियानं ऐकला. आत पोरगी किंचाळत होती. दार ढकललं जात होतं... रसेलनं फटीत उजवा पाय घातला.

"लेकीला नाही," तो ओरडला, "मी फसवलं. मला घे!"

कुऱ्हाड वर गेली.

घोट्यावर. परत. परत...

मग शांत.

पावलं खाली गेली. ठक्... फत्... चुलाण्यापाशी थांबली.

पोलीस आले. जिना रक्तानं निसरडा झालेला. कुऱ्हाड पायरीत रुतलेली. रसेल वाचला. पण तुटलेला पाय कुठेच सापडला नाही. घर, अंगण, खाडी, सगळं धुंडाळलं. पोलिसांची कुत्री मात्र चुलाण्याकडे तोंड करून रडत होती.

इस्पितळात शुद्धीवर आला तो पहिलं हेच म्हणाला, "अ‍ॅमॉस... माझ्या पिशवीतला बूट... अंधाराच्या आत."

मी आलो. आमच्याच विटा, आमचाच चुना. कुठे तडा नाही, ओरखडा नाही. मीच फोडलं. जुन्या बुटाला जागा करायची म्हणून रसेलचा बूट उचलला...

जड लागला.

काय, केलेब? आत बघितलं का? नाही रे बाबा. माझी छाती नाही झाली. दोन्ही बूट शेजारी ठेवले आणि भिंत बंद केली. तेव्हापासून तुझी बायको शांत झोपते.

एवढंच सांगतो. रसेलनं ठेवला तेव्हा नाड्या लोंबत होत्या. मी उचलला तेव्हा त्या बांधलेल्या होत्या. घट्ट... दुहेरी गाठ मारून.