पाचव्या मजल्यावरची सीडी

लिफ्टच्या उघड्या दारातून फक्त दोन पाय बाहेर आले होते. मी कॉम्प्युटरचा भलामोठा डबा छातीशी कवटाळून त्या पायांसमोर उभी राहिले.

"किती वेळ लागेल?"

"लिफ्टला विचारून सांगतो," पाय म्हणाले. मागोमाग एक माणूस बाहेर सरकला. कपाळावर ग्रीसचा फराटा, नाकावरून घसरलेला चष्मा. "कितव्या मजल्यावर जायचंय?"

"पाचव्या."

"हे धूड घेऊन? द्या इकडे."

"नको. माझं मी नेईन."

तिसऱ्या मजल्यावर माझे हात भरून आले. मी डबा कठड्याला टेकवला, तर मागून पावलं वाजली.

"लिफ्टची मोटर गच्चीवर असते," तो म्हणाला, "म्हणजे मी तसाही वरच चाललोय. एक बाजू मला द्या."

दिली. पुढच्या जिन्यावर त्याने विचारलं, "दुरुस्त करून आणलात?"

"दुकानदार म्हणाला, भंगारात टाका."

"मग?"

"मग काय... मला आज त्यात एक सीडी बघायचीय. भंगारात टाकून कशी दिसेल?"

तो हसला नाही. "कसली सीडी?" एवढंच म्हणाला. अनोळखी माणसाला मी सगळं का सांगितलं, कोण जाणे. बाबांच्या फुप्फुसावर डाग निघाला होता. डॉक्टर म्हणाले होते, जुन्या तपासणीतही हाच डाग असेल तर काळजी नाही. नसेल तर ऑपरेशन. जुनी तपासणी या एका सीडीवर होती, ते हॉस्पिटल केव्हाच बंद पडलं होतं, आणि उद्या डॉक्टर निर्णय घेणार होते. नेमकी आत्ताच मावसभावाने हौसेने कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम बसवून दिली, आणि सीडी ड्राइव्ह कॉम्प्युटरला दिसेनासा झाला. आमच्या ओळखीत, अगदी डॉक्टरांकडेही, दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरला सीडीची खाच उरलेलीच नव्हती.

"जोडून बघू," तो म्हणाला.

बाबांनी दार उघडलं. आयुष्यभर मुलांना पोहायला शिकवलेला माणूस. घरातही पाण्यापलीकडे ऐकू जावं असं बोलतो. "लिफ्ट बिघडली म्हणून लिफ्टवाल्यालाच घरी आणलंस?"

"काका, बटण दाबून बघतो फक्त."

बटण दाबलं. कप्पा बाहेर आला, आत गेला, दिवा लुकलुकला.

"वीज पोचतेय, दार हलतंय," तो पुटपुटला. "ड्राइव्ह मेलेला नाही. याची हाक आत कुणी ऐकत नाहीये."

आम्ही केबल काढून दुसऱ्या जागी लावली. काही नाही. पडद्यावरच्या यादीतून ड्राइव्हचं नाव काढलं, कॉम्प्युटर परत सुरू केला... नाव परत आलं, शेजारी बिघाडाचं पिवळं उद्गारचिन्ह घेऊन. खालून कुणीतरी लिफ्टच्या नावाने ओरडलं, तसा तो उठला.

"तुमचा नंबर बदललाय," मी म्हटलं.

तो थबकला. "कुठला?"

"चष्म्याचा. केबलवरचं वाचताना डोळे बारीक करत होतात. मी डोळे तपासते, तेच माझं काम."

"मग नवा नंबर कधी देताय?"

"आमच्या चष्म्याच्या दुकानात या. तपासून देईन."

"आणि... फोनचा?"

"तो तपासावा लागत नाही," मी म्हटलं, आणि सांगून टाकला. बाबा अचानक खिडकीबाहेर बघायला लागले.

तो गेल्यावर मी फोनवर शोधत बसले. लोकांनी लिहिलेले उपाय वाचले, निम्मे करून पाहिले, निम्म्यांना नावं ठेवली. शेवटी एकाचं पटलं. जुन्या सिस्टीमवर सीडीवर माहिती भरायचं एक सॉफ्टवेअर होतं. नव्या सिस्टीममध्ये ते उरलं नव्हतं, पण त्याच्या दोन नोंदी आत तशाच राहिल्या होत्या. ड्राइव्हकडे जाण्याआधी कॉम्प्युटर त्या नसलेल्या सॉफ्टवेअरची परवानगी मागत बसायचा.

तो परत आला तेव्हा माझं बोट माउसवर होतं.

"बिघाड या दोन जुन्या नोंदींचा आहे. उडवू?"

"चुकलं तर?"

"कॉम्प्युटर सुरूच होणार नाही कदाचित. पण नोंदींची प्रत ठेवलीय, आणि दुसरा रस्ता नाही."

त्याने शेजारची खुर्ची ओढली. "मग उडवा. मी इथेच आहे."

मी नोंदी उडवून कॉम्प्युटर परत सुरू केला. पडदा काळा झाला. आम्ही दोघं श्वास रोखून... त्याचा हात माझ्या हाताशेजारी होता, अगदी शेजारी, आणि दोघांपैकी कुणीच तो हलवला नाही. मग पडदा उजळला. मी सीडी आत सरकवली. घरघर झाली, वाढत गेली, आणि बाबांची फुप्फुसं पडद्यावर उमटली. उजव्या बाजूला, खाली, एक पांढरा ठिपका.

"हाच का गं?" बाबांनी हळूच विचारलं.

"तसाच वाटतोय. उद्या कळेल."

मला रडू आलं. त्याने खिशातलं फडकं पुढे केलं, त्यावरचं ग्रीस पाहून घाईने मागे घेतलं, आणि मग स्वतःची बाहीच पुढे केली.

दुसऱ्या दिवशी मी पेनड्राइव्हवर उतरवून नेलेलं जुनं चित्र आणि नवं, दोन्ही चित्रं डॉक्टरांनी शेजारी शेजारी लावली. बराच वेळ पाहिली. "डाग जुनाच आहे," ते म्हणाले. "तीळभरही वाढलेला नाही. ऑपरेशन नको."

बाबांनी इतका खोल श्वास घेतला, की आता तलावात सूर मारतात की काय असं वाटलं. बाहेर येताच म्हणाले, "त्या पोराला कळव."

मी बाजूला जाऊन फोन लावला. बातमी सांगितली. तो म्हणाला, "छान झालं... फार छान झालं."

"संध्याकाळी घरी याल?"

"का? परत काही बिघडलं?"

मी ठरवलंच होतं. काल उपाय शोधताना जेवढा हट्ट धरला, त्याच्या निम्मा हे बोलायला पुरेसा होता.

"काहीच बिघडलेलं नाही," मी म्हटलं. "मला तू आवडलायस. म्हणून ये."

पलीकडे हातोडीसारखं काहीतरी खाली पडलं.

"येतो," तो म्हणाला. "जिन्याने येतो. लिफ्टची वाट बघवणार नाही."