शंकररावांचा शर्ट

त्या संध्याकाळी मी कांताबाईकडे चहापुरतं दूध आणायला गेले होते, एवढंच. इंदूरच्या 'जुनी इंदूर' भागातल्या आमच्या गल्लीत ती माझी शेजारीण. गिरणी बंद पडल्यावर तिच्या नवऱ्यानं, शंकररावांनी, एक म्हैस घेतली. दुधावर घर चालेना, म्हणून ते काम शोधायला पीथमपूरच्या कारखान्यांकडे गेले. दिवाळी उलटली तरी त्यांचा निरोप नव्हता.

म्हैस भारी मानी. रेडकू मेल्यापासून ती शंकररावांच्याच हाताला पान्हा सोडायची. ते गेल्यावर कांताबाई त्यांचा खाकी शर्ट अंगात घालून धार काढी आणि म्हैस वासाला फसे. माझ्या माहेरीही असंच करत.

आज गोठ्यात कांताबाई रिकामी बादली घेऊन रडत होती.

"भाभी, परवापासून ही दूधच देत नाहीये. शर्ट घालून बसले तरी पण. हिला मालूम पडलं असणार... ते राहिले नाहीत म्हणून."

मला रागच आला. "फालतू काहीतरी बोलू नकोस! डर तुझ्या पोटात आहे, तो हिला तुझ्या हातातून कळतो. घाबरलेल्या माणसाला म्हैस पान्हा सोडत नाही. आण तो शर्ट इकडे."

"आणि तुम्हाला दूध दिलं, तर ते ठीक आहेत असं समजू ना?"

"समज."

तिला बाहेर ओट्यावर बसवलं. साडीवर शर्ट चढवून मी म्हशीजवळ बसले. आत अंधारलं होतं. शेणाचा, पेंडीचा आणि शर्टाला मुरलेल्या मशीनच्या तेलाचा वास येत होता. म्हशीनं माझा हात हुंगला आणि तोंड फिरवलं. मी चुचकारलं, कास कुरवाळली, पण एक थेंब येईना.

मग तिची शेपटी हलायची थांबली. दोन्ही कान माझ्या पाठीमागे वळले. मागे नुसती भिंत होती. शंकरराव दिसले की ती घशातून हलकासा आवाज काढायची, तोच आवाज तिनं काढला.

मी मागे पाहिलं नाही. खरं सांगते, हिंमतच झाली नाही. हात असे लटपटायला लागले की गुडघ्यांत धरलेली बादली वाजू लागली. या हातांना कुठली म्हैस दूध देणार?

पण सड भरून आले. मी घाबरून हात मागे घेतले, पोटाशी धरले... आणि बादलीत धार पडली. मग दुसरी. एकीमागून एक, सराईत हाताच्या.

बाहेरून कांताबाईचा हर्षानं फुटलेला आवाज आला, "भाभी! धार वाजतेय! मतलब ते ठीक आहेत ना?"

मला रडू आवरेना. "हो," मी कसंबसं म्हटलं.

म्हशीनं मान वळवली आणि माझ्यापासून हातभर दूर, रिकाम्या हवेत, मायेनं जीभ फिरवू लागली. तिचा मला स्पर्शही होत नव्हता. माझ्या अंगावरचा शर्ट मात्र खांद्यापाशी ओला होत गेला.