शेवटची पायरी

दोरीवर धुणं चढलं की अख्ख्या रस्त्याला घरची खबर कळते, असं शेजारची डेना राबर म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. सालोमाच्या ओसरीपासून धान्यकोठाराच्या शेंड्यापर्यंत कप्पीवर ओढलेली लांब दोरी होती. सोमवारी सकाळी तिच्यावर आधी नवऱ्याच्या, अ‍ॅटलीच्या विजारी चढत, मग सालोमाचे झगे, मग थोरल्या एलाचे, आणि शेवटी धाकट्या लिझबेटचे एवढेएवढे. मोठ्याकडून लहानाकडे, पायऱ्या उतराव्यात तसे. येणारीजाणारी प्रत्येक घोडागाडी ते वाचून पुढं जायची. दुपटी दिसली की बाळ झालं. अनोळखी सदरा दिसला की पाहुणा आला. आणि बायकापोरींचे सगळे झगे काळे दिसले, की त्या घरातलं कुणीतरी गेलं. मग कुणी चौकशा करत बसत नसे. पुरुष येऊन गोठ्याचा ताबा घेत, बायका चुलीचा. घरच्यांनी नुसतं बसायचं. आपल्या माणसासाठी वर्षभर काळं घालायचं, ही आमिश पंथातल्या घराची रीत.

त्या हिवाळ्यात सालोमाचं धुण्याचं मशीन बुडातून फुटलं. आमिश घरात विजेची तार येत नाही, आणि तारेवाचून चालणारं, रुळांत कपडे पिळून देणारं मशीन शोधायचं म्हणजे कुणाच्या तरी अडगळीतच हात घालायचा. थंडी सरेपर्यंत तिनं फळीवर कपडे घासले. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. भाकरीचं पीठ मळताना ती ओठ चावून घेई आणि अ‍ॅटली दुसरीकडे बघे.

बर्फ वितळू लागलं तसं त्याला एक मशीन सापडलं, ते एका म्हाताऱ्या इंग्लिश माणसाच्या खुराड्यात. जो आमिश नाही तो इंग्लिश, मग त्याचे वाडवडील कुठले का असेनात. चौकोनी अ‍ॅल्युमिनियमची टाकी, चार पाय, वर पिळायचे दोन रूळ. टाकीत गवत आणि गवतावर एक तांबडी कोंबडी.

"हे देणार का?" अ‍ॅटलीनं विचारलं.

"न्या की," म्हातारा म्हणाला. "मी कोण देणार? कोंबडीला विचारा."

अ‍ॅटलीचा जीव मेलेल्या यंत्रात अडकतो, हे सालोमाला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. धारा काढून झाल्या की तो कोठारात शिरे. त्यानं पोटातली विजेची मोटर काढून टाकली आणि तिथं पेट्रोलचं लहान इंजिन बसवलं, पट्टा ओढला, धुराची नळी भिंतीबाहेर काढली. दातेरी चाकांच्या पेटीतलं जुनं तेल काकवीसारखं घट्ट झालं होतं, ते उपसलं. रुळांचं रबर चिरफाळलं होतं, तिथं नवं चढवलं. टाकीच्या आतल्या बाजूला मात्र काजळीसारखा काळा थर बसला होता. तो व्हिनेगर आणि वाळूनं घासून काढला, तर खालून टाकी चांदीसारखी निघाली.

तो घासत असताना लिझबेट टाकीत चढून बसली.

"बाबा, मला नका हं धुऊ."

"का गं? मळलीस तर धुवायलाच हवं."

"मग मी बारीक होईन," ती म्हणाली आणि खदखदून हसली.

त्याच दिवसांत सालोमानं हिरव्या कापडाचा एक तागा फाडून तीन झगे शिवले: एक स्वतःला, एक एलाला, उरल्या तुकड्यातून एक लिझबेटला. कोवळ्या मक्याच्या पानासारखा हिरवा रंग.

पहिल्या सोमवारी इंजिन धडधडलं, मधली रवी पाणी घुसळू लागली, आणि चरकातून चिपाड निघावं तसा एकेक कपडा रुळांतून चपटा होऊन बाहेर आला. डेना मुद्दाम बघायला आली होती. पलीकडच्या शेतातली, केस पिकलेली, तोंडाची फटकळ.

"अ‍ॅटली, बायकोचे हात परत दिलेस बाबा. आता ते तुझे कान धरायला मोकळे."

सालोमा हसली. किती दिवसांनी हसली.

दुसऱ्या सोमवारी तिचा हिरवा झगा रुळांतून बाहेर आला तो उन्हात कोमेजल्यासारखा. "नवं रबर रंग सोडतंय," अ‍ॅटली म्हणाला. त्यानं पांढरं फडकं घेऊन रूळ पुसले. फडकं पांढरंच राहिलं.

पुढच्या धुण्यात तिचा झगा काळा निघाला. डाग नव्हे, ओघळ नव्हे. मुळात काळाच विणला असावा असा काळा. मागोमाग एलाचा, तोही तसाच. निळा, जांभळा, जो जो झगा त्या दोघींचा होता, तो तो काळा होऊन रुळांतून बाहेर येत राहिला. अ‍ॅटलीचे सदरे जसेच्या तसे. चादरी पांढऱ्या.

आणि सगळ्यांच्या शेवटी लिझबेटचा झगा आला. एकाच ताग्यातला, एकाच पाण्यातला. हिरवागार.

सालोमानं ते कपडे बाहेर घातले नाहीत. चुलीभोवती दोऱ्या बांधून घरातच वाळवले. रस्त्याला वाचायला नकोत.

"पाण्यात लोखंड असेल," अ‍ॅटली म्हणाला.

"लोखंडाला माझा झगा कळतो आणि तिचा कळत नाही?"

"कापड आहे ते, सालोमा. कापडाला काय कळतंय?"

"काळं कोण घालतं? घरच्या सगळ्या बायकापोरी. कोण घालत नाही?" तिनं तो हिरवा झगा हातात घेतला. "जिच्यासाठी घालायचं असतं, ती."

अ‍ॅटलीनं मशीनचं इंजिन सोडवलं, टाकी उलथी केली, कोठारामागं नेऊन टाकली. पण जे काळं व्हायचं ते होऊन गेलं होतं. साबणानं ते जाईना, व्हिनेगरनं निघेना.

मग सालोमाच्या मनानं एक उलटाच ध्यास घेतला. घरातल्यांचं काळं जात नसेल, तर पोरीच्या अंगावर काळं आणायचं. तीही घरच्यांत मोजली जावी, काळं घालणाऱ्यांत. तिनं दुकानातून काळा रंग आणला, मोठ्या हंड्यात उकळला, हिरवा झगा त्यात बुडवला. लाकडी दांडा काळा झाला. नखं काळी झाली. हंड्याच्या काठावर उडालेले थेंब घासून निघेनात. झगा वर काढला की पाणी निथळून जाई आणि खालून तीच कोवळी हिरवळ वर येई.

ती पुन्हा बुडवी. जगातल्या आया पोरांच्या कपड्यांवरचे डाग काढत असतात. ही चुलीपाशी उभी राहून एका डागासाठी जीव टाकत होती. एवढा, तिळाएवढा तरी लाग. हिरव्यावर तिळाएवढंही काळं लागेना.

"आई, तू माझ्या झग्याचं सूप करतेस?" लिझबेटनं विचारलं.

रविवारी रात्रीच्या जेवणाआधी सालोमानं लिझबेटचे उरलेसुरले सगळे झगे हंड्यात भिजत घातले. एखादा तरी धरेल. हिरवा तेवढा पोरीच्या अंगावर ठेवला, कारण दुसरं घालायला काही उरलं नव्हतं.

सोमवारी उजाडताच तिनं घोडागाडी जुंपली आणि लिझबेटला घेऊन गावातल्या इंग्लिश डॉक्टरकडे गेली. अ‍ॅटली लांबच्या कुरणात कुंपण दुरुस्त करायला निघाला होता. "जाऊन ये," तो म्हणाला. "तुझ्या मनाची तरी समजूत पटेल."

डॉक्टरांनी छाती ऐकली, घसा पाहिला, गुडघ्यावर टकटक केली. लिझबेटनं त्यांची टकटक परत केली.

"ठणठणीत आहे," ते हसून म्हणाले. "शिंगरू आहे नुसतं. तुम्हीच जरा झोप घ्या."

परतीच्या वाटेवर सालोमाच्या छातीवरचा दगड थोडा हलला. रस्त्याकडेला पिवळी फुलं आली होती. लिझबेट ती मोजत होती, आणि पाचानंतर पुन्हा एकवर येत होती.

मग वळणावरून घर दिसलं.

दोरी भरलेली होती. एला शहाणी पोर, आईचं काम हलकं करावं म्हणून चुलीजवळचं सगळं धुणं बाहेर नेऊन तिनं रीतीप्रमाणं वाळत घातलं होतं. आधी विजारी. मग काळे झगे, मोठे. मग काळे झगे, मधले. मग धाकटीची जागा.

तिथं काहीच नव्हतं. धाकटीचे कपडे हंड्यात होते, आणि एक पोरीच्या अंगावर. शेवटच्या पायरीवर नुसते दोन चिमटे वाऱ्यात हलत होते.

इतकी वर्षं सालोमानं दुसऱ्यांच्या दोऱ्या वाचल्या होत्या. आपलीही तिनं वाचली. एका नजरेत वाचली.

अंगणात घोडागाड्या उभ्या होत्या, कुंपणापर्यंत.

"आई, आपल्याकडे एवढे लोक का आलेत?"

डेना फाटकापाशी आली आणि तिनं लगाम हातात घेतला. रडून तिचे डोळे सुजले होते. तिनं सालोमाला खाली उतरवलं, गालाचं चुंबन घेतलं.

"डेना, कुणी गेलं नाही गं. एलानं चुकून बाहेर घातलं. ते झगे... रंगाचं काहीतरी झालंय..."

"हो गं बाई. हो." डेना तिची पाठ थोपटत होती. "माझं पोर गेलं तेव्हा मीही असंच म्हणत होते."

"ही बघ ना! ही काय, ही इथं आहे!"

लिझबेटनं गाडीतून उडी मारली आणि डेनाचा एप्रन ओढला. डेनानं खाली न बघता एप्रन सारखा केला, वाऱ्यानं उडाल्यासारखा.

"देवानं दिली, देवानं नेली," ती म्हणाली. "चल आत."

स्वयंपाकघरात बायका भांडी घासत होत्या. चुलीवर दुसऱ्या कुणाच्या पातेल्यात शेवया शिजत होत्या. बाजूच्या खोलीत बाक मांडले होते. पुरुष एकेक करून अ‍ॅटलीचा हात हातात घेत होते आणि पुढं सरकत होते. एला काळ्या झग्यात त्याच्याशेजारी बसली होती.

"अ‍ॅटली, सांग यांना."

त्यानं मान वर केली. "सांगितलं," तो म्हणाला. "मी कुरणातून आलो तेव्हा सगळ्यांना सांगितलं. किती वेळ सांगत होतो."

"मग?"

तो तिच्याकडे बघत राहिला. बघता बघता त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी विझलं.

"सालोमा," तो हळूच म्हणाला, "तू आज एकटीच गावात कशाला गेली होतीस?"

तिनं लिझबेटला उचललं. छातीशी घट्ट धरलं.

कुणीतरी तिच्यासाठी खुर्ची सरकवली. ती बसली. बायका येऊन तिच्या खांद्याला हात लावत होत्या. एकीचीही नजर तिच्या मांडीवर थांबत नव्हती. थांबलीच तर क्षणभर, कळवळ्यानं, आणि लगेच वळत होती.

लिझबेटचा श्वास सालोमाच्या मानेला लागत होता, ऊन ऊन.

डेना गुडघे टेकून समोर बसली. दोन्ही हात पुढं केले, फार हळुवार.

"दे सालोमा. तो झगा दे आता. मी घडी घालून ठेवते."

सालोमानं मिठी आणखी आवळली.

"आई," कानाशी आवाज आला, "तिला सांग ना. मी अजून घातलाय तो."