पिवळ्या गोंड्याची छत्री

विल्फ्रेड थॅकरे त्या दिवशी माझ्याकडे आला तो छत्रीची काडी निसटली म्हणून. एवढंच काम होतं.

पडदा ओढून घे गं, आणि तो आल्याचा केक संपवा रे कुणीतरी. उद्यापासून तुम्ही पोरं यॉर्कमध्ये भुतांची सहल चालवणार, म्हणून सांगतोय. विल्फ्रेडही अशीच सहल चालवायचा. एरवी मी हा विषय काढत नाही. विल्फ्रेडची मुलगी हेस्टर अजून शेजारीच राहते, आणि आपल्या गल्लीतल्या भिंती पातळ.

गेल्याच्या गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. शेवटचा गुरुवार. चारलाच अंधार पडलेला आणि उझ नदीवरून धुकं वर येत होतं. मी काडीला तार गुंडाळून दिली. छत्रीच्या टोकाला पिवळ्या लोकरीचा गोंडा होता. विल्फ्रेडच्या नातीने, टॅबिथाने, स्वतः बांधलेला. गाठ तिला एकच येते, बुटाच्या नाडीची.

"हे काय, सर्कशीत लागलास की काय?" मी म्हटलं.

"मागच्यांना धुक्यात दिसायला हवं ना, केनेथ! ती आता झोपेपर्यंत जिन्याच्या खिडकीत बसते. गोंडा दिसला की आजोबा आले." हसला. चहा न घेताच गेला.

विल्फ्रेडचा एक नेम होता. प्रत्येक वळणावर मिटलेली छत्री उंच धरून थांबायचं, आणि शेवटचा माणूस येईपर्यंत पुढे पाऊल टाकायचं नाही. "मी कुणाला मागे सोडत नाही," हे त्याचं पेटंट वाक्य.

आता चर्चपासून पबपर्यंतच्या वाटेत ती अरुंद बोळ लागते ना, मेणबत्तीवाल्यांची? तिथे सांगायला काहीच नव्हतं. नुसतं एक विटांनी बुजवलेलं जुनं दार. लोक कंटाळून फोन काढायचे. म्हणून विल्फ्रेडने एक भूत रचलं. माझ्याच स्वयंपाकघरात बसून, इथेच. अ‍ॅग्नेस नावाची मोलकरीण. प्लेगच्या साथीत मालक गाव सोडून पळाले, गडबडीत ही आतच राहिली, आणि बाहेरून कुणीतरी दार बुजवून टाकलं. सगळे गेले, ती मागे राहिली. एवढं सांगून विल्फ्रेड छत्रीच्या मुठीने त्या विटांवर ठोकायचा आणि ओरडायचा, "चल गं अ‍ॅग्नेस, आमच्याबरोबर! मी कुणाला मागे सोडत नाही!"

लोक खो खो हसायचे. वर्षानुवर्षं हसले.

त्या रात्रीही हसले. लीड्सहून आलेला एक जाड्या होता, तो म्हणाला, "अहो आजोबा, भूत नाही दिसलं तर पबात पहिला ग्लास तुमच्याकडून!" विल्फ्रेडने विटांवर ठोकलं, नेहमीचं वाक्य म्हटलं, आणि बोळीच्या तोंडाशी छत्री उंच करून थांबला. सगळे बाहेर आले. तरी मागे कुणीतरी होतं. डोक्यावरून फिकट शाल घेतलेली बाई. धुक्यात नीट दिसेना. चुकलेला पाहुणा घोळक्यात शिरतोच आपल्याकडे. त्यालाही तेच वाटलं.

"या बाई, सावकाश या," तो म्हणाला. आणि ती येईपर्यंत थांबला.

हीच चूक झाली.

हे मला कसं ठाऊक? त्यानेच सांगितलं. अकरा वाजत आले होते. मी खिडकीशी होतो. माझी बायको डोरीन असती तर म्हणाली असती, तुमचं नाक काचेलाच चिकटलेलं. तर मला धुक्यात पिवळा गोंडा दिसला. उंच धरलेला. सहल संपून इतका वेळ झाल्यावर! विल्फ्रेड स्वतःच्या घरावरून गेला... आणि थांबलाच नाही. वळसा घालून पुन्हा आला. पुन्हा गेला.

मी सपाता घालून फाटकापर्यंत गेलो. "काय रे, घर विसरलास? का हेस्टरने हाकललं?"

"बाहेर येऊ नकोस, केनेथ." त्याचा आवाज बसला होता. गुडघ्याने लंगडत होता. "टॅबिथा झोपली?"

"खिडकीत आहे. तुझीच वाट बघतेय."

त्याने डोळे मिटले. मग भराभर सगळं सांगितलं. जागच्या जागी पावलं टाकत, जणू पाय थांबवायची भीती वाटत होती. "मी चाललो की ती मागे. थांबलो की जवळ. दर वेळी आणखी जवळ. घरात शिरलो तर..." त्याने वर खिडकीकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं.

"अरे, मग सांग तिला, सहल संपली म्हणून!"

"सांगितलं. पबच्या दारात रोज म्हणतो तसंच म्हणालो. सहल संपली मंडळी, शुभरात्री. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या." तो पावलं टाकतच होता. "तिने नाही."

मी त्याच्या मागे पाहिलं. दिव्याखाली काहीतरी फिकट होतं. धुकं म्हणावं तर धुकं हलत होतं. ते हलत नव्हतं.

"माझ्याकडे ये," मी म्हणणार होतो. तोंड उघडलं. उलट फाटकाची कडी आतून घट्ट धरली.

तेवढ्यात हेस्टरचं दार उघडलं. गाऊनवर कोट, हातात टॉवेल. "बाबा! काय चाललंय तुमचं? पोर झोपत नाहीये तुमच्यापायी!" मग तिची नजर मागे गेली. रस्ता चुकलेले प्रवासी आपल्या दारात नेहमीचेच, आणि पोरगी मनाने चांगली... "अगंबाई, किती भिजल्यात त्या! त्यांनाही आणा ना आत. या हो बाई, या. चहा टाकते."

पाऊस नव्हता, पोरांनो.

हेस्टरच्या फाटकाची कडी उचलली गेली. आपोआप. हळू.

वरून टॅबिथाने काचेवर टकटक केलं. "आजोबा, त्या कोण?"

मला हलता येईना. हात फाटकावर, पाय जमिनीत. हेस्टर हसत दारात उभी. फाटक उघडत होतं...

"अ‍ॅग्नेस!"

विल्फ्रेड ओरडला. त्याचा सहलीतला आवाज, शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा. छत्री उंच. "इकडे, अ‍ॅग्नेस. तिथे काही नाही बघण्यासारखं. अजून एक जागा राहिलीय. चला. मी कुणाला मागे सोडत नाही."

फाटक थांबलं.

कडी खाली पडली.

तो गेला. मागे वळून पाहिलं नाही. फक्त गोंडा दिसत होता. वर. खाली. लंगड्या माणसाचा. कोपऱ्यावर तो थांबला. तसाच, छत्री धरून. शेवटचं माणूस येईपर्यंत.

मग गोंडाही दिसेना.

मी हाकसुद्धा मारली नाही. मारून काय उपयोग झाला असता, ते मला आजही कळत नाही.

पोलीस आले. नदीत शोधलं, शहराच्या जुन्या तटबंदीवर शोधलं. ना विल्फ्रेड, ना छत्री. हेस्टर अजून विचारते, "केनेथकाका, त्या बाई कोण होत्या?" मी म्हणतो, माहीत नाही. टॅबिथा खिडकीत बसते. आता तिला तिथून कुणी उठवत नाही.

तुम्ही उद्या काय हवं ते सांगा. नवी भुतं रचा. पण त्या दारावर ठोकू नका, आणि तिला बोलावू नका.

मार्चमध्ये मी एकदा गेलो होतो तिकडे. भरदिवसा. ते दार अजून तसंच बुजलेलं, दोन विटांमधला चुना शेकडो वर्षांचा, दगडासारखा. नख रुतत नाही. त्या चुन्यातून पिवळ्या लोकरीचा एक धागा बाहेर आला होता. टोकाला बुटाच्या नाडीची गाठ.

मी तो धरला. जरासा ओढला. धागा ताठ झाला.

आतून कुणीतरी, अगदी सावकाश... सैल सोडला.