निळ्या वायरचा दिवा

तक्रार केली की माणूस येतो, यावर चिऊचा काडीचाही विश्वास नव्हता. म्हणून दार वाजलं तेव्हा कुरिअरवाला असेल समजून ती तेल लावलेल्या केसांनी, हातात कंगवा घेऊन तशीच दार उघडायला गेली. दारात नेट कंपनीचा तंत्रज्ञ उभा होता. खांद्यावर पावसाचे थेंब, पाठीवर अवजारांची पिशवी.

"नेटची तक्रार तुमचीच ना?" त्याने विचारलं. मग कंगव्याकडे बघत अगदी गंभीरपणे म्हणाला, "की... नंतर येऊ?"

चिऊला हसायचं नव्हतं. पण हसू आलंच.

घर तिच्या दादाचं. मागची खोली तिची. म्हणजे अर्धी तिची आणि अर्धी वहिनीच्या शिलाई मशीनची. तिथेच बसून ती इमारतींचे नकाशे काढायची. दादा-वहिनी दोघंही प्रेमळ, कुणी कधी वावगा शब्द काढला नाही. तरी दुसऱ्याच्या संसारात राहणाऱ्या माणसाला कपसुद्धा जपून ठेवावा लागतो. आता दूरच्या शहरातल्या एका मोठ्या फर्मने तिला व्हिडिओवर मुलाखतीला बोलावलं होतं. नोकरीबरोबर राहायला खोलीही मिळणार होती. जिला स्वतःचं कुलूप लावता येईल अशी खोली! आणि इथे नेट तासातासाला गचके खात होतं.

त्याने सगळं तपासून दुखणं सांगितलं. फायबर दाराजवळच्या डब्यापर्यंत ठणठणीत येत होतं. तिथून आतल्या राउटरपर्यंत मात्र कधीकाळी टीव्हीसाठी भिंतीत घातलेली जाड काळी वायर होती, आणि ती खराब झाली होती. इलाज सोपा होता. इथरनेटची नवी निळी वायर टाकायची, मग ऑफिसला फोन करून डब्यातलं नेट काळीवरून निळीवर वळवून घ्यायचं. एका वेळी एकीतूनच येतं, तो म्हणाला.

वायर ओवताना तो भिंतीच्या पलीकडे, ती अलीकडे.

"आलं का टोक?"

"आलं. ओढू?"

"ओढा. पण एकदा धरलंत की सोडू नका हं."

"सोडायला धरत नाही मी," चिऊ म्हणाली, आणि भिंत मध्ये आहे हे किती बरं असं तिला वाटलं.

निळी वायर लागली, पण नेट जातच राहिलं. तो पुन्हा आला. टोक कापून नवं बसवताना त्याने आतल्या बारीक रंगीत तारा तिला रांगेत धरायला लावल्या. एक तार निसटली, पण दोघांनाही घाई नव्हती. त्यापुढच्या खेपेला वहिनीने न विचारता दोन कप चहा आणून ठेवला आणि जाताना चिऊला डोळा मारला. तक्रार नोंदवण्याआधी चिऊ आता केस विंचरू लागली होती. मुलाखत झाली की त्याला मनातलं सगळं सांगून टाकायचं, असं तिने ठरवून टाकलं. तिकडे त्याच्या कंपनीचंही ऑफिस असेलच की...

"सोमवारी मुलाखत ना? त्याआधी पक्कं करून देतो. शब्द दिला," तो म्हणाला होता.

पण फर्मने मुलाखत अचानक शुक्रवारवर आणली. चिऊ एका जिन्याचा नकाशा समजावून सांगत होती, रंगात आली होती, आणि पडद्यावरचे तिन्ही चेहरे जागच्या जागी थिजले. मोबाइलवरून पुन्हा जोडून घेईपर्यंत त्यांनी पुढच्या उमेदवाराला आत घेतलं होतं. संध्याकाळी दोन ओळींचा मेल आला. आभार मानले होते.

रागाने तिने तक्रारीचा नंबर फिरवला. पलीकडच्या मुलीने डब्यावर निळ्या वायरशेजारचा दिवा लागलाय का ते बघायला सांगितलं. दिवा विझलेला होता.

"म्हणजे मॅडम, तुम्ही अजून जुन्याच वायरवर आहात. नेट वळवायचं आम्हाला कुणी सांगितलंच नाही. दोन मिनिटांचं काम आहे, करून देऊ?"

"नको," चिऊ म्हणाली. "ज्याने वायर टाकली, त्यालाच पाठवा."

शनिवारी सकाळी तो आला तो हसतच. चिऊने नुसतं दिव्याकडे बोट केलं. त्याचं हसू मावळलं.

"मी आजच फोन करणार होतो," तो म्हणाला. "सोमवारच्या आत..."

"मुलाखत काल झाली. माझी संधी गेली."

तो मटकन खुर्चीत बसला. पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिला.

"एकदा निळीवर आलं की नेट जात नाही," तो शेवटी म्हणाला. "मग मला इथे यायला काही कारणच उरलं नसतं. तुम्ही... मला फार आवडता."

हेच शब्द ऐकायला तिने किती वाट पाहिली होती! आणि ते आले ते असे.

"मी इथून जाऊ नये म्हणून केलंत?"

"नाही..." तो म्हणाला, आणि मग प्रामाणिकपणे, "माहीत नाही."

चिऊच्या डोळ्यांत पाणी आलं. "नुसतं चहाला येऊ का म्हणून विचारलं असतंत, तरी मी हो म्हटलं असतं."

त्याने ऑफिसला फोन लावला, काळी वायर काढून गुंडाळून पिशवीत टाकली. निळ्या वायरशेजारचा दिवा हिरवा झाला. दारात तो क्षणभर थांबला. चिऊने थांबा म्हटलं नाही.

तेव्हापासून नेट एकदाही गेलं नाही. वायरवाल्याने काम मात्र चोख केलं हं, असं वहिनी कौतुकाने म्हणते, आणि चिऊ हो म्हणते.

एका दुपारी वहिनी आत मोबाइलवर काहीतरी बघत पडली होती, बाकी घरात सामसूम होती. चिऊ डब्यापाशी गेली, निळ्या वायरचं टोक चिमटीत धरून तिने ओढलं. दिवा विझला. दुसऱ्या हातात फोन होता, तक्रारीचा नंबर समोर होता. आपण काय करतोय हे कळल्यावर ती तिथेच खाली बसली. त्याचा इतके दिवस धरलेला राग तिला त्या घडीला नीट धरता येईना.

"नेट गेलं का गं?" वहिनीने आतून विचारलं.

चिऊने टोक पुन्हा आत दाबलं.

"नाही वहिनी," ती म्हणाली. "आहे."