खांद्यावरचा वळ

बसा बा. मानमोडीच्या साथीच्या सालची गोठ सांगतो. मी पुंजाजी, सोनाळ्याचा माळी. वांग्याची पाटी डोक्यावर घेऊन सकाळीच बाजाराले निघालो होतो. गावाबाहेर चिंचेखाली एक म्हातारा मरून पडलेला. कुठला, कोणाचा, कोणालेच माहीत नाही. त्या साथीत घरचं मढं उचलाले माणूस मिळे ना, तं परक्याले कोण हात लावते? पण मी पक्का हट्टी. गावचेच शेषराव, रंगराव, उकंडराव, तिघाईले शिव्या घालून आणलं. चौघांनी खांदा दिला. तिरडीच्या ओल्या बांबूनं खांदे सोलून निघाले. अग्नी मी दिला, म्हणून जीवखडा, मडकं फोडलं तो गोटा, माह्याजवळ. दहाव्याले पिंडाले कावळा शिवला की तो गोटा नदीत सोडाचा.

दहाव्या दिवशी शेषरावच्या दारात गेलो. "चाल, दहाव्याले."

"कोणाच्या?"

"अबे, त्या चिंचेखालच्या म्हाताऱ्याच्या!"

"कोणता म्हातारा? ...पुंजाजी, ताप आला का तुले?"

थट्टा नव्हती. डोळे साफ कोरे. मी त्याची बंडी खसकन ओढली. खांद्यावर वळ तसाच, खपली धरलेला.

"मंग हे काय व्हय?"

तो वळाकडे पाहतच राह्यला. "माहीत नाही बा..." उकंडरावाचंही तेच. वळ आहे, अन् डोक्यात काहीच नाही.

रंगरावालेही काही आठवे ना, पण तो तमाशा पाहाले नदीवर आला. पिंड ठेवला. ऊन चढलं. झाडावर कावळेच कावळे, पण एक ओरडे ना, एक उतरे ना. मेल्याची इच्छा पुरी करतो म्हणावं, तं त्याची इच्छा मले काय माहीत?

"ज्याले कोणीच वळखत नाही," रंगराव बोलला, "तो असला काय अन् नसला काय! चाल घरी."

माहं डोस्कं फिरलं. "काऊन बे? कोणाच्या ध्यानात राह्यला तरच माणसाची किंमत? सारं गाव विसरो, मी विसरो, देव विसरो, तो होता! त्याच्या जिवाले कोणाची साक्ष नाही लागत!"

एक कावळा उतरला. पिंडाले चोच लावली. मी गोटा पाण्यात सोडला अन् वळलो. "पाह्यलं, रंगराव?"

रंगरावाचे डोळे कोरे होते. "तुम्ही कोण बा? ...कोण्या गावचे?"

धावत घरी आलो. दारात झुंबरबाई, माही बायको. एकोणीस वर्षांचा संसार. तिनं परक्यापुढं घेतात तसा पदर घेतला. "कोण पाहिजे तुमाले?"

रडू आलं, खोटं काऊन सांगू? पण सरळ आत शिरलो, माह्या रोजच्या जागी भिताडाले टेकून बसलो. ती ओरडणार, तं तिची नजर माह्या डोक्यामागं गेली. टेकून टेकून तिथं तेलाचा डाग पडला होता.

"दर दिवाळीले पोतारते मी..." ती हळूच बोलली, "तरी जात नाही. कोणाचा डाग व्हय हो हा?"

"माहा," मी म्हणलो. "तुले आठवो का न आठवो. माहाच व्हय."

तुम्हीही मले सकाळपर्यंत विसरसान. विसरा, काही हरकत नाही. पण मघापासून पाहून राह्यलो, तुम्ही सारखा उजवा खांदा चोळता. जरा बंडी काढून पाहा बरं.